बेट द्वारका, मे महिना आणि ओहोटी

खारीहवा (दांडिया बाजार, बडोदा)

बडोद्यातल्या मराठी घरांमध्ये द्वारकेला न गेलेलं माणूस शोधावं लागेल. रात्रीची सौराष्ट्र मेल, दुसऱ्या दिवशी ओखा, मग द्वारकाधीश, बेट, नागेश्वर आणि परतीची गाडी. बेटावर आपण तासाभरापेक्षा जास्त थांबत नाही. दर्शन झालं, प्रसाद घेतला, शंख-शिंपल्यांच्या दुकानात घासाघीस केली की पाय परत पुलाकडे वळतात. धागा काढायचं कारण एवढंच, की त्याच बेटाच्या मागच्या अंगाला भर मे महिन्यात समुद्र मागे सरकतो, तेव्हा जे उघडं पडतं त्यासाठी खास मुक्काम करावा असं मला अगदी मनापासून वाटतं.

"उन्हाळ्यात कुठे तिकडे तापायला जाता" हे नेहमी ऐकायला मिळतं. ऊन असतंच, पण गाठायची असते ती पहाट. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस, पाणी सगळ्यात जास्त मागे जातं. उन्हाळ्यात ही खोल ओहोटी साधारण सकाळच्या बाजूला येते, हिवाळ्यात संध्याकाळच्या. म्हणजे मे महिन्यात उजाडता उजाडता खडकावर उतरायचं आणि ऊन चढायच्या आत वर यायचं. शिवाय ओख्याकडे वारा असतो. बडोद्यात दुपारी गच्चीत पाय ठेववत नाही, त्या मानाने तिथली सकाळ सुखाची.

बेटावर सरसकट वाळूचा किनारा नाही. कुठे वाळू, कुठे चिखल, कुठे चेराची (तिवरांची) झुडपं, आणि कुठे लांबवर पसरलेला सपाट खडक. मला सगळ्यात जास्त गुंतवतो तो हा सपाट खडक. पाणी गेलं की त्याच्या खळग्यांत डबकी उरतात, आणि एकेका डबक्यात इतके जीव की मान वर करवत नाही. वाळूत रुतलेली समुद्रफुलं (सी अ‍ॅनिमोन), त्यांच्या भुजांमध्ये वावरणारी पारदर्शक कोळंबी, दगडाखालून फक्त हात बाहेर काढून बसलेले ब्रिटल स्टार (तारामाशांचे भाईबंद), काळ्या समुद्रकाकड्या, शेवाळ चरत जाणारे समुद्री ससे.

समुद्री ससा म्हणजे कवच जवळजवळ हरवलेली मऊ गोगलगाय. छेडलं तर जांभळी शाई सोडते. म्हणून छेडू नये. शाई तयार करायला तिला खर्च पडतो आणि आपली करमणूक दोन क्षणांची.

ऑक्टोपस बघायचा असेल तर ऑक्टोपस शोधू नका, त्याचा उकिरडा शोधा. गुडघाभर पाण्यात एखाद्या फटीच्या तोंडाशी खेकड्यांच्या रिकाम्या पाठी आणि फुटके शिंपले साचलेले दिसले, की आत मालक असतो. तिथे आपली सावली पाण्यावर पडणार नाही असं बसायचं. पहिल्यांदा दिसतो डोळा, आडव्या बाहुलीचा. मग बाजूला एक नळी दिसते. ती सारखी उघडते-मिटते, श्वासाचं पाणी तिच्यातून बाहेर पडतं. बाकी सगळा दगडच वाटतो, कारण कातडीवर दगडाचा तपकिरी रंग तर असतोच, वर खरखरीत उंचवटेही उठलेले असतात. गेल्या उन्हाळ्यात मी अशा एका फटीसमोर बसले होते. एक छोटा खेकडा तिरका तिरका समोरून निघाला. फटीतून एक हात आला, थांबला, मग अख्खं शरीर बाहेर ओघळलं. त्याच क्षणी रंग गडद झाला. हातांमधला पडदा खेकड्यावर पसरला आणि खेकडा दिसेनासा झाला. पुन्हा तपकिरी, पुन्हा दगड. हे सगळं व्हायला बहुतेक पाच सेकंदही लागली नसतील, पण त्याआधी बराच वेळ काहीही घडत नव्हतं. तो वेळ ज्याला देता येतो त्याला बेट दिसतं.

वाळूच्या भागात वेगळं काम चालू असतं. पाणी हटलं की नखाएवढे खेकडे बिळांतून वर येतात. नांग्यांनी ओली वाळू तोंडाला लावायची, तिच्यातला सेंद्रिय कण तेवढा गाळून घ्यायचा आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायची. बिळापासून एका रेषेत बाहेर जायचं, परत यायचं, दुसरी रेषा धरायची. तासाभरात प्रत्येक बिळाभोवती ठिपक्यांची रांगोळी उमटलेली असते. पाऊल वाजलं की सगळे एकदम आत. स्तब्ध उभं राहिलात तर पहिला खेकडा मिनिटा-दोन मिनिटांत डोळे वर काढतो, आणि तो बाहेर आला की बाकीचे येतात.

डॉल्फिन दिसतात, हो. बेटाच्या पूर्व टोकाकडून आणि बोटीतूनही. ते हम्पबॅक डॉल्फिन, पाठीवर उंचवटा असलेले. टीव्हीवर दिसतात तशा उड्या क्वचितच. पाठ वर येते, छोटा पंख दिसतो, पुन्हा पाणी. मे महिन्यात वाऱ्याने समुद्र खवळायला लागतो, म्हणून सकाळचं शांत पाणीच बरं.

एक विनंती. गेलात तर खडकावर मैलभर फिरू नका. एक डबकं निवडा, दुसऱ्यांदा त्याच डबक्यावर या. सगळं बघून झालं पाहिजे ही घाई देवळातून आपण किनाऱ्यावर घेऊन येतो. प्रवाळावर पाय पडला की कित्येक वर्षांची वाढ तुटते. मोकळा खडक आणि वाळू एवढ्यावरच चालायचं.

---

मांजलपूर२२

ताई, आम्ही दरवर्षी जातो आणि हे काहीच माहीत नव्हतं. दोन प्रश्न. परवानगी लागते का? आणि सासऱ्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, त्यांना नेता येईल का?

---

खारीहवा

ओख्यापासून जोडियापर्यंत कच्छच्या आखाताचा हा दक्षिण किनारा आणि ४२ बेटं मिळून मरीन सँक्च्युअरी आणि नॅशनल पार्क आहे. १९८० साली अभयारण्य झालं, १९८२ साली नॅशनल पार्क, आणि आपल्या देशातलं हे पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. मुख्य कचेरी जामनगरला. पिरोटनसारख्या निर्मनुष्य बेटांवर परवानगीशिवाय पाऊल ठेवता येत नाही. बेट द्वारकेवर वस्ती आहे, देवळं आहेत, तिथे जायला अडचण नाही. पण खडकावर उतरण्याआधी वनखात्याला विचारून घ्या आणि स्थानिक माणूस बरोबर घ्या.

सासऱ्यांना खडकावर नका उतरवू. ओलं शेवाळ फार निसरडं असतं, तरुणही पडतात. चेराच्या कडेला, कोरड्यावर खुर्ची टाकून दुर्बीण हातात दिली तर त्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसेल. समुद्रबगळे तिथेच असतात. एकाच जातीत पांढरे आणि राखाडी-काळे असे दोन्ही, पिवळे पंजे. हा बगळा पायाने पाणी ढवळून मासे उठवतो आणि मग मागे धावतो. वैशाख-ज्येष्ठात त्यांची घरटी झुडपांत असतात, म्हणून फार जवळ नाही जायचं. काकांना खुर्चीवरून पुरेल तेवढं आहे.

---

जुनंपान

या धाग्यावर बडोद्याचं नाव दुसऱ्या कारणाने यायला हवं. ओखामंडळ गायकवाडांचं होतं. बेट, द्वारका, ओखा हे सगळं बडोदा संस्थानात. सयाजीराव महाराजांच्या काळात सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाकडून ओखामंडळाच्या समुद्राची पाहणी करवून घेतली. १९०५-०६ साली त्याने तिथून नमुने गोळा केले. अहवालाचा पहिला भाग १९०९ साली आला, दुसरा १९१६ साली. स्पंज कुणी तपासले, तारामासे आणि त्यांचे भाईबंद कुणी तपासले, असे वेगवेगळ्या तज्ज्ञांचे लेख त्यात आहेत. मोती आणि शंखांचं उत्पन्न संस्थानाला किती होऊ शकेल हा हेतू त्यामागे होताच, पण काम झालं ते पक्कं. त्या किनाऱ्यावरच्या प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्याला आजही तिथूनच सुरुवात करावी लागते.

नंतर हॉर्नेल मद्रासकडे मत्स्यखात्याचा प्रमुख झाला आणि शंखावर त्याने १९१४ साली स्वतंत्र पुस्तक लिहिलं.

शंखाचा विषय निघालाच आहे तर, नागेश्वरला आपण ज्योतिर्लिंगासाठी जातो, पण त्याच नागेश्वरला हडप्पाकालीन शंखकामाचं गाव सापडलं. आपल्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या पुरातत्त्व विभागाने ते उकरलं. जिवंत शंख समुद्रातून काढायचा, मधला भाग कापून बांगड्या करायच्या, हे काम त्या किनाऱ्यावर चार हजार वर्षांपूर्वीही चालत होतं.

आणि ज्यांना ओख्याला जाणं जमणार नाही त्यांनी निदान कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये मुलांना न्यावं. ७१ फुटी निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. १९४४ साली महीच्या मुखात वाहून आलेला. आपण सगळे त्याच्याखालून शाळेच्या सहलीत रांगेने गेलोय. पण समुद्र या शहराच्या इतका जवळ आहे हे त्या वयात कुणी सांगितलं नाही.

---

खारीहवा

जुनंपान काका, हे वाचून अंगावर काटा आला. संस्थानाने शंभर वर्षांपूर्वी पैसे खर्चून ज्या खडकांची मोजदाद करवली, त्यांच्याकडे आपण पाठ करून फोटो काढतो.

---

निवटी (मूळचे मालवणकडचे, सध्या वाघोडिया रोड)

आमच्याकडे भरतीची वेळ काढायला आजोबांचा हिशोब होता. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, जे येईल तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा, म्हणजे ओहोटी बाराला. पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास भरती, ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला. पंचांग हातात असलं की टाइड टेबल लागत नाही. तुमच्याकडे हा हिशोब चालतो का?

दुसरं म्हणजे, चेराच्या चिखलात निवट्या (चिखलावर चालणारे ते मासे) आहेत का हो? नाव तेच घेतलंय म्हणून विचारतोय.

---

खारीहवा

निवटी दादा, तो हिशोब मुंबई-कोकणच्या किनाऱ्यासाठी बसवलेला आहे. कच्छच्या आखाताचं तोंड ओख्याकडे, आणि ते आत निमुळतं होत जातं. भरतीची लाट ओख्याला आधी येते, सिक्क्याला उशिरा, कंडल्याला त्याहून उशिरा. आणि जागा अरुंद होत गेल्याने पाणी चढतंही जास्त. ओख्याला उधाणात साडेतीन-एक मीटरचा फरक असेल, तर आखाताच्या टोकाला नवलखीला सात मीटरपर्यंत. म्हणून तिथीवरून उधाण (मोठी भरती-ओहोटी) आहे की भांग (लहान भरती-ओहोटी) एवढं ठरवा, ते अचूक कळतं. वेळ मात्र ओखा बंदराच्या छापील तक्त्यातूनच घ्या. आणि पाण्याने तोंड फिरवलं की तुम्हीही फिरा. सपाट खडकावर पाणी समोरून येताना दिसत नाही, मागच्या घळीत आधी भरतं.

निवट्या भरपूर! चिखलावर छातीच्या परांनी टेकत चालतात, भांडतात, पाठीवरचा पर उभारतात. शेजारीच फिडलर खेकडे. नराची एक नांगी शरीराएवढी. ती खायच्या कामाची नाही. खातो तो दुसऱ्या, छोट्या नांगीने. मोठी फक्त मादीला खूण करायला आणि दुसऱ्या नराला हटवायला. पाणी जवळ आलं की बिळाचं तोंड चिखलाने लिंपून आत बसतात.

---

सुरय

मी थोडा वेगळा सूर लावतो. पक्षी बघायला बेटावर मे महिन्यात जाणं मला पटत नाही. डिसेंबरात जा. क्रॅब प्लोव्हर हा या आखाताचा खास पक्षी, काळा-पांढरा, जाड काळी चोच, लांब निळसर पाय. थंडीत त्यांचे थवेच्या थवे खडकावर खेकडे टिपत असतात. एप्रिलपासून ते अरबस्तान, इराणच्या किनाऱ्यांकडे विणीला निघून जातात. कोरल (कर्ल्यू पक्षी), गॉडविट, छोटे पाणटिवळे सगळे उत्तरेकडे. मे महिन्यात मागे राहते ती पहिल्या वर्षाची पोरं, ज्यांना यंदा वीण करायची नाही.

---

खारीहवा

सुरय, संख्येचं म्हणाल तर अगदी मान्य. हिवाळ्यात जास्त पक्षी दिसतात. पण हिवाळ्यात ते पाहुणे असतात, खातात आणि जातात. संसार दिसतो तो उन्हाळ्यात. मला थव्यापेक्षा घरट्यावरची एक टिटवी जास्त वेळ बसवून ठेवते. ती पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, उन्हात अंडी थंड राहावीत म्हणून.

आणि मागे राहिलेल्या त्या क्रॅब प्लोव्हरच्या पोरांना कमी लेखू नका. एरवी थवा दुरूनच उडतो. एकटंदुकटं असलं की निवांत बघता येतं. पाठीवर काळ्याऐवजी राखाडी छटा असते, त्यावरून वय कळतं.

---

सुरय

टिटवीचं बरोबर आहे, ते मी मिठागरांच्या बांधावर पाहिलंय. चरकल्याकडे.

विणीचा विषय काढलात म्हणून सगळ्यांसाठी लिहितो. छोटे सुरय (टर्न पक्षी) उघड्या वाळूत, भरतीच्या रेषेच्या वर, नुसता खळगा करून अंडी घालतात. अंडी वाळूच्याच रंगाची, ठिपक्यांची. डोक्यावर दोन पांढरे पक्षी ओरडत घिरट्या घालायला लागले तर समजा की तुम्ही घरट्याच्या जवळ आहात. आल्या पावली मागे फिरा, पुढे जाऊन "कुठे आहे बघू" करू नका. उन्हात दहा मिनिटं अंडं उघडं राहिलं तरी आतलं पिल्लू मरू शकतं. जमिनीवर विणणाऱ्या पक्ष्यांचं फोटोवाल्यांमुळेही नुकसान होतं, आणि मीही कॅमेरा घेऊनच फिरतो म्हणून हे ठासून सांगतोय.

क्रॅब प्लोव्हरची एक गोष्ट राहिली. तो वाळूत लांब बीळ खणून आत एकच पांढरं अंडं घालतो. वाळूच्या उष्णतेवर ते उबतं, आई-बापाला सारखं बसावं लागत नाही. पाणथळीतल्या त्याच्या भाईबंदांमध्ये असं करणारा दुसरा नाही.

---

कारेलीबाग_गच्ची

बेटाला नाही, पण जामनगरकडून नराराला जाऊन आलोय. तिथे बोटही लागत नाही, ओहोटीत किनाऱ्यावरून चालतच प्रवाळापर्यंत जाता येतं. बघितलं खूप. बोनेलिया नावाचा हिरवा किडा बघितला. शरीर दगडाखाली आणि टोकाला दुभंगलेली लांब सोंड बाहेर. बरोबरच्या माणसाने सांगितलं की ही मादी. नर इतका बारीक की तो तिच्या शरीराच्या आत राहतो. पिल्लू मोकळ्या तळावर बसलं तर मादी होतं, मादीच्या सोंडेवर पडलं तर नर. घरी येऊन वाचलं तेव्हा खात्री पटली, अगदी खरं.

पण एक खटकलं ते सांगायलाच हवं. एका ठिकाणी (नाव घेत नाही) पर्यटकांसाठी फुगा मासा हातात धरून फुगवून दाखवत होते. एका घोळक्याचं झालं की दुसऱ्याला. लहान मुलं टाळ्या वाजवत होती. मासा फुगतो तो जिवाच्या भीतीने, पाणी पोटात भरून. हवेत धरला तर हवा गिळतो आणि ती सहजी बाहेर निघत नाही, मग पाण्यात सोडला तरी उलटा तरंगतो. मी म्हणालो तेव्हा उत्तर मिळालं, "लोक मागतात साहेब." त्यात दोष मागणाऱ्यांचा जास्त आहे.

---

मांजलपूर२२

हे वाईट आहे. आमच्या गाइडने ऑक्टोपस काठीने बाहेर काढला तर काय करायचं?

---

खारीहवा

आधीच बोलून ठेवायचं. निघताना, पैसे ठरवताना, साध्या गुजरातीत सांगायचं की आम्हाला काही हातात नको, नुसतं दाखवा, वेळ लागला तरी चालेल. माझा अनुभव असा की ही माणसं खडक न् खडक ओळखतात आणि त्यांनाही घाईच्या गिऱ्हाइकांचा कंटाळा आलेला असतो. "थांबायला तयार आहोत" म्हटलं की कुठला ऑक्टोपस कुठल्या फटीत आहे ते ते सांगतात. मी ज्यांच्याबरोबर जाते ते खलाशी काका दगड उलटला तर परत होता तसाच ठेवतात. दगडाच्या खालच्या बाजूचे जीव उन्हात तासाभरात सुकून मरतात.

कायद्याचंही सांगा. प्रवाळ, समुद्रकाकड्या, समुद्री घोडे हे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा उचलायचा नाही.

---

रेवातीर (भरूच)

बडोद्याच्या मंडळींना जवळचं बेट हवं असेल तर नर्मदेच्या मुखावरचं आलिया बेट विसरू नका. प्रवाळ नाही, गढूळ पाणी, चिखल आणि चेर. पण तिथे खराई उंट आहेत. खाडीतून पोहत पलीकडे जाऊन चेराचा पाला खाणारे उंट. २०१५ साली त्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. उन्हाळ्यात गोड्या पाण्याचे वांधे असतात, म्हणून पाण्यासाठी त्यांना परत फिरवावं लागतं. नाक आणि डोळे तेवढे पाण्याच्या वर, आणि रांगेने चाललेत. ते एकदा पाहावंच.

---

निवटी

उंट पोहतात? फोटो टाका ना.

---

रेवातीर

मालकांना विचारून टाकतो. त्यांची जनावरं, त्यांचा धंदा.

---

विज्ञानशिक्षिका

नववीच्या मुलांना प्रवाळ शिकवते. उन्हाळ्यात ते पांढरे पडतात असं ऐकलंय, बेटावर दिसतं का? आणि पांढरं म्हणजे मेलेलं का?

---

खारीहवा

मॅडम, दिसतं. आणि पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे, निदान लगेच नव्हे. प्रवाळाच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि प्रवाळाला देतं, रंगही त्याचाच. पाणी जास्त दिवस जास्त तापलं की हा करार मोडतो, प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतं आणि आतला चुन्याचा सांगाडा पारदर्शक कातडीतून पांढरा दिसायला लागतो. जवळून पाहिलं तर छोटे छोटे जीव अजून तिथे असतात. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतं. नाही आलं तर उपासमार होते, आणि मग त्यावर तपकिरी-हिरवी बुरशट शेवाळाची साय चढते. साय चढली की समजायचं ते गेलं.

मुलांना एवढंही सांगा की आखातातलं प्रवाळ मुळातच चिवट आहे. पाणी गढूळ, थंडीत गार, उन्हाळ्यात तापलेलं, वर रोज ओहोटीत उघडं पडणं. उघडं पडलं की ते अंगावर चिकट स्राव सोडतं, त्याने ओल टिकते. हात लावला की तो थर पुसला जातो. "हात लावू नका"चं कारण असं सांगितलं तर मुलं ऐकतात.

जगभर १९९८, २०१० आणि २०१६ ही मोठ्या पांढरेपणाची वर्षं होती. अमेरिकेच्या नोआ संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये चौथी जागतिक घटना जाहीर केली. मला दरवर्षी तीच जागा बघायची असते त्यामागे हेही आहे. मी एका पसरट पोराइट्स प्रवाळाचा फोटो दर उन्हाळ्यात त्याच कोनातून काढते, शेजारी मोजपट्टी. एक वर्ष त्याची कड पांढरी झाली होती, पुढच्या मे महिन्यात रंग परत आलेला बघितला. त्या दिवशी मी खडकावरच देवाला हात जोडले.

---

जुनंपान

विज्ञानशिक्षिका, मुलांना बायोरॉकबद्दलही सांगा, म्हणजे प्रवाळ रुजवायचा लोखंडी सांगाडा. जानेवारी २०२० मध्ये झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाने गुजरात वनखात्याच्या मदतीने मिठापूरजवळ, किनाऱ्यापासून एका सागरी मैलावर, हा सांगाडा पाण्याखाली बसवला. लोखंडी सांगाड्यातून अगदी कमी दाबाची वीज सोडतात, ती तरंगत्या सौर पॅनेलवरून. पाण्यातले क्षार त्यावर चुना होऊन बसतात आणि प्रवाळाचे तुटके तुकडे त्यावर बांधले की लवकर धरतात. रसायनशास्त्रात विद्युत अपघटन शिकवताना याचं उदाहरण चपखल बसेल.

---

विज्ञानशिक्षिका

दोघांचेही आभार. धडा आता असाच घेणार. सुट्टीत दोन-तीन पालकांबरोबर मुलांना नेऊ का? जून चालेल?

---

खारीहवा

जून नको. १ जूनपासून पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीबंदी लागते ती उगीच नाही. वारा आणि लाटा दोन्ही वाढतात. २०२३ साली १५ जूनला बिपरजॉय चक्रीवादळ जखौजवळ धडकलं तेव्हा ओख्याकडच्या गाड्याही रद्द झाल्या होत्या. मे महिन्याच्या मध्यापर्यंतचं उधाण पकडा, नाहीतर सरळ नोव्हेंबर.

मुलांना न्यायचं तर बंद बूट, जुने चालतील, चपला अजिबात नाहीत. कोन जातीचे शंख जिवंत असले तर डंख करतात, चिखलात पाकट असू शकतो, म्हणून पाय घासत चालायला शिकवा आणि फटीत हात घालू देऊ नका. टोपी, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, आणि पाणी वाटतं त्याच्या दुप्पट. एका मोठ्या माणसामागे पाचापेक्षा जास्त मुलं नकोत. प्रत्येकाला वही-पेन्सिल द्या आणि दोघांत मिळून एक डबकं नेमून द्या, अर्धा तास तेच. चित्र नाही आलं तरी चालेल, काय हललं ते लिहायला सांगा.

२०२४ च्या फेब्रुवारीत सुदर्शन सेतू सुरू झाल्यापासून बस थेट बेटावर जाते, त्यामुळे पहाटे वेळेत पोचणं सोपं झालंय. मुक्काम शक्यतो बेटावर किंवा ओख्यात करा, द्वारकेहून निघालात तर पहाट हुकते.

तारीख ठरली की इथेच लिहा. ओख्याच्या तक्त्यातून तुमच्या दिवसांच्या वेळा काढून देते.

---

विज्ञानशिक्षिका

वैशाख पौर्णिमेनंतरचे दोन दिवस बघतेय. मुख्याध्यापकांना उद्या विचारते.

---

सुरय

मी येतो बरोबर, दुर्बिणी आणतो. मे महिन्यातले पक्षी मलाही नीट बघायचे आहेत आता.